फॉर्म्युला वनचं कॅलेंडर तुमच्या हाती दिलं तर मोसम कसा आखाल?

वळणवाट (धागालेखक)

२०२६ चं कॅलेंडर जाहीर झाल्यापासून हा विषय डोक्यात घोळतोय. चोवीस शर्यती, मार्च ते डिसेंबर. १९५० मध्ये पहिला मोसम झाला तेव्हा सात होत्या, आणि त्यातली एक इंडियानापोलिस ५००, जिकडे युरोपातल्या टीम फिरकत नव्हत्या. सेना आणि प्रॉस्ट या ड्रायव्हरांनी गाजवलेल्या १९८८ मध्ये सोळा होत्या.

चोवीस जास्तच आहेत, पण मला आकड्यापेक्षा क्रम खटकतो. २०२२ मध्ये बाकू झालं आणि पुढच्याच रविवारी मॉन्ट्रियल. २०२३ मध्ये ३० एप्रिलला बाकू, ७ मेला मायामी. २०२४ मध्ये लास वेगास आटोपलं की आठवड्याभरात कतार, घड्याळात अकरा तासांचा फरक, आणि त्याला लागून अबू धाबी. टायर बदलणारी, गॅरेज उभं करणारी माणसं झोपणार कधी? आपल्या वारीचे मुक्काम बघा. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असं करत पालखी पुढेच जाते. सासवडहून वेळापूर गाठून मग जेजुरीला परत या, असं दिंड्यांना कुणी सांगत नाही.

२०२६ मध्ये एक चांगलं केलंय. मोनॅको ७ जूनला नेऊन तिथपासून १३ सप्टेंबरच्या माद्रिदपर्यंत सलग नऊ शर्यती युरोपात ठेवल्या. पण जाहीर झालेल्या कॅलेंडरात त्याआधी जेद्दा, मायामी, मॉन्ट्रियल, मोनॅको असा हेलपाटा होताच.

माझं कॅलेंडर वीस शर्यतींचं. सलग तीन आठवडे शर्यती कधीच नाहीत. मार्चच्या मध्यात मेलबर्नपासून सुरुवात, मग जपानमधलं सुझुका, शांघाय, सिंगापूर. एप्रिलमध्ये आखातातल्या चारपैकी (बहरीन, जेद्दा, कतार, अबू धाबी) दोन, आलटून पालटून. मेच्या सुरुवातीला बाकू, तिथून युरोप: बार्सिलोना, मोनॅको, स्पीलबर्ग, सिल्व्हरस्टोन, बेल्जियममधलं स्पा, बुडापेस्ट. ऑगस्टची सुट्टी. मग जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्यात आलटून पालटून एक, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इटलीतलं मोंझा. त्यानंतर अटलांटिक एकदाच ओलांडायचा: मॉन्ट्रियल, ऑस्टिन, मेक्सिको, आणि शेवट साओ पावलोला.

या झाल्या एकोणीस. विसावी जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय. ती कुणाला द्याल? बाकी क्रमात कुठे चुकतंय तेही सांगा.

चाकण_सेकंडशिफ्ट

क्रम छान, पण आमच्यासारख्यांचा विचार करा हो. तुमच्या मोसमाचा सगळा शेवट अमेरिका खंडात. मॉन्ट्रियल २०२५ मध्ये आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाली. ऑस्टिन साडेबाराला, मेक्सिको दीडला. अजिंक्यपद रंगात आलेलं असताना लागोपाठ चार जागरणं, आणि सोमवारी कामावर हजर. युरोपची संध्याकाळी साडेसहाची वेळ म्हणजे सुख. चहा घ्यावा, टीव्ही लावावा, रात्रीच्या जेवणाआधी पोडियम झालेलं असतं.

पेठेतला_पंखा

सेकंडशिफ्टशी सहमत. सुझुका सकाळी साडेदहाला असते, रविवारचं मटण चुलीवर चढेपर्यंत निकाल हातात.

मालवाहू

मी जहाजाने आणि विमानाने माल पाठवायच्या धंद्यात आहे, पुण्यातच. फॉर्म्युला वनचं काम मी केलेलं नाही, पण त्यांची पद्धत आमच्या क्षेत्रात बऱ्यापैकी माहीत आहे.

लोकांना वाटतं, एका शर्यतीचं सगळं सामान उचलून पुढच्या शर्यतीला नेतात. तसं नाही. गॅरेजच्या भिंती, टेबलं, स्वयंपाकाची भांडी, केबल असं जड आणि तुलनेने स्वस्त सामान प्रत्येक टीमकडे पाच-सहा संच असतं. एक संच जहाजाने मेलबर्नला निघालेला असतो तेव्हा दुसरा भलत्याच बंदरात वाट बघत असतो. गाड्या, इंजिनं, पंख, संगणक हे विमानाने. युरोपात मात्र सगळं ट्रकने, आणि टीमच्या कार्यालयांची आणि जेवणखाण्याची ती दुमजली-तिमजली घरं फक्त युरोपातच येतात. ती उभी करायला आणि मोडायला दिवस लागतात. म्हणून २०१८ मध्ये फ्रान्स, ऑस्ट्रिया, ब्रिटन असे पहिल्यांदा सलग तीन रविवार ठेवले तेव्हा सगळ्यात जास्त हाल झाले ते ट्रकवाल्यांचे आणि ही घरं बांधणाऱ्यांचे. युरोप जवळ आहे म्हणून तिथे सलग तीन चालतील, असं नकाशा बघून वाटतं. पण वळणवाटांनी सलग तीन कुठेच नकोत म्हटलंय, ते बरोबर.

क्रम सुधारल्याने जहाजाचा खर्च फार कमी होणार नाही. फायदा विमानाच्या मालात आणि माणसांच्या प्रवासात. फॉर्म्युला वनने स्वतःच २०१८ चा हिशोब मांडला होता: वर्षाला २,५६,५५१ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. त्यातले ४५ टक्के मालवाहतुकीचे, सुमारे २८ टक्के माणसांच्या प्रवासाचे. शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांचे जेमतेम ०.७ टक्के. २०३० पर्यंत नेट झिरोचं उद्दिष्ट त्यांनी जाहीर केलंय. ते गाठायचं तर इंधनाइतकंच हे कॅलेंडर महत्त्वाचं आहे.

पंचांगप्रेमी

वळणवाट, आखातातल्या शर्यती तुम्ही 'एप्रिल' म्हणून कायमच्या बसवल्यात. दरवर्षी तसं जमेलच असं नाही.

हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपल्याकडे अधिक महिना येऊन सण पुन्हा ऋतूला धरतात, तिकडे तशी सोय नाही. २०२४ मध्ये रमजान मार्चमध्ये सुरू होत होता म्हणून बहरीन आणि जेद्दाच्या शर्यती शनिवारी झाल्या. २०२५ मध्ये तो पूर्ण मार्च व्यापत होता, म्हणून सुरुवातीचा मान मेलबर्नला परत मिळाला आणि बहरीन एप्रिलवर गेलं. आता तो फेब्रुवारीत, मग जानेवारीत जाईल. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. तोवर आखाताला वसंत मोकळा आहे. पण २०३२-३३ च्या सुमारास रमजान नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असेल, आणि अबू धाबीने मोसम संपवायची पद्धत तेव्हा अडचणीत येईल. तुमचा शेवट साओ पावलोला असल्यामुळे ती अडचण आपोआप सुटते. तुमच्या लक्षात आलं होतं का ते ठाऊक नाही, पण दहा वर्षांचं कॅलेंडर आखताना हा मुद्दा पहिल्या पानावर हवा.

वळणवाट

काका, २०३२ पर्यंत मी पुढे बघितलंच नव्हतं. मनापासून आभार. दशकाचं कॅलेंडर एकत्र मांडायला हवं हे पटलं.

सुझुकावेडी

माझ्यासाठी पहिला निकष हवामान, दुसराही हवामान. बाकीचं मागाहून.

सुझुका पूर्वी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ऐन वादळांच्या मोसमात असायची. २००४ आणि २०१९ मध्ये वादळामुळे शनिवार रद्द होऊन क्वालिफाइंग (सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी) रविवारी सकाळी घ्यावं लागलं. २०१४ ला वादळ जवळ असताना, पावसात, मावळत्या उजेडात शर्यत चालू ठेवली आणि ड्रायव्हर जूल्स बियांकी गेला. अपघात ५ ऑक्टोबरचा, मृत्यू पुढच्या वर्षी जुलैत. त्यानंतर चौकशी समितीने सुचवलं की रात्रीची शर्यत नसेल तर सूर्यास्ताच्या किमान चार तास आधी सुरुवात व्हावी. २०२४ मध्ये सुझुका एप्रिलमध्ये आली. इतकी वर्षं का थांबले, याचा मला आजही राग येतो.

२००९ चं सेपांग आठवतं? युरोपच्या प्रेक्षकांना सोयीचं व्हावं म्हणून मलेशियात संध्याकाळी पाचला सुरुवात. तिथे त्या वेळी पाऊस येतो हे कुणीही स्थानिक माणूस सांगेल. आभाळ फाटलं, मग अंधार झाला, निम्मे गुण देऊन सगळे घरी. २०२१ ला स्पामध्ये सेफ्टी कारमागे (वेग आवरणाऱ्या गाडीमागे रांगेने) जेमतेम फिरून निकाल लावला. आणि २०२३ चं कतार, ८ ऑक्टोबर. रात्रीची शर्यत असून ड्रायव्हर ओकॉनला हेल्मेटमध्ये उलटी झाली, लोगन सार्जंटने गाडी सोडली. पुढच्या वर्षी तीच शर्यत १ डिसेंबरला घेतली.

म्हणून सेकंडशिफ्टदादा, प्रेक्षकाच्या झोपेसाठी शर्यतीची वेळ हलवायची मागणी मला मान्य नाही. तुमची अडचण खरी आहे. पण सेपांगला नेमकं हेच केलं होतं, फक्त तिथे सोय युरोपची बघितली.

चाकण_सेकंडशिफ्ट

ताई, वेळ हलवा असं मी म्हणत नाही. चारही अमेरिकी शर्यती ओळीने शेवटी नकोत, एवढंच. पण बियांकीचं नाव आल्यावर झोपेचं रडगाणं पुढे रेटवत नाही. ऑस्टिन-मेक्सिको रेकॉर्ड करून बघेन.

रोखठोक

सगळे नकाशा आणि पंचांग घेऊन बसलेत, पैशाचं कुणी बोलेना. यजमान शहर फॉर्म्युला वनला फी देतं. ज्यांच्यामागे सरकारी तिजोरी आहे ते भरपूर देतात. सिल्व्हरस्टोनसारखं सर्किट एका क्लबच्या मालकीचं, तिकीटविक्रीवर चालणारं. परवडत नाही म्हणून २०१७ मध्ये त्यांनी करारातून बाहेर पडायचं कलम वापरलं होतं आणि मग नव्याने करार झाला. स्पासारखी शर्यत २०२८ आणि २०३० मध्ये कॅलेंडरवर नसणार. जर्मनीत २०२० च्या त्या एका आयफेल शर्यतीनंतर काहीच नाही, आणि तीही साथीमुळे मिळालेली. ज्या देशाने मर्सिडीज दिली, शूमाखर दिला, त्याची ही गत.

अबू धाबीला शेवटची शर्यत हवी आहे आणि ते त्यासाठी पैसे मोजतात. तुम्ही ती काढलीत तर भोक कुठून भरणार? आखातातल्या चारच्या दोन केल्यात, अमेरिकेतल्या तीनची एक. म्हणजे सगळ्यात जास्त पैसा देणाऱ्यांनाच कात्री. मोसम सुंदर होईल, पण टीमच्या वाट्याला येणारी रक्कम घटेल आणि पहिला मार मागच्या रांगेतल्या टीमना बसेल.

वळणवाट

रोखठोक, हा सगळ्यात भक्कम आक्षेप आहे. माझं उत्तर अर्धंच आहे: शर्यती कमी झाल्या की प्रत्येकीची किंमत वाढते. आलटून पालटून येणाऱ्या शर्यतीला त्या गावात दोन वर्षांची भूक साठलेली असते. पण ही वाढ तुमची तूट पूर्ण भरेल असं छातीठोक सांगू शकत नाही. वेगास सोडताना मला दुःख नाही, पण ते का ठेवलंय ते कळतं.

पेठेतला_पंखा

वेगास ठेवा हो. अमेरिकेत शनिवारी रात्री दहाला असायची, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेअकरा. अमेरिकेतली एकमेव शर्यत जी पुणेकर उजेडात बघतो.

पिटलेनचा_पोरगा

मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये सस्पेन्शन बघतो. विसावी जागा भारताला! ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तयार आहे, ५.१२५ किलोमीटर. २०११ ते २०१३ तीन शर्यती झाल्या, तिन्ही फेटेलने जिंकल्या, आणि २०१३ ला चौथं विश्वविजेतेपद त्याने तिथेच पक्कं केलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आम्ही जानेवारीत आमची गाडी ट्रकमध्ये घालून फॉर्म्युला भारतसाठी कोइमतूरच्या कारी सर्किटला नेतो, हजार किलोमीटरच्या वर. तिथे देशभरातली पोरं भेटतात, आणि सगळ्यांच्या तोंडी हेच असतं की आपल्या देशात ती गाडी कधी ऐकायला मिळणार. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये तिथे पोचला, मग करुण चंढोक. त्यानंतर कुणीच नाही.

सुझुकावेडी

पोरा, तळमळ पोचली. पण कधी घ्यायची ते सांग. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर म्हणजे दिल्लीच्या धुराचे दिवस. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू मास्क लावून उभे होते. सप्टेंबरात मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची शर्यत, घेऊन बघितली, २०२३ मध्ये, बुद्ध सर्किटवरच. उकाड्यामुळे लॅप चोवीसवरून एकवीसवर आणले, तरी शर्यत संपल्यावर खोर्खे मार्टिन कोसळला. वळणवाटांच्या क्रमात सिंगापूरनंतर आखाताआधी भारत नकाशावर अगदी फिट बसतो, पण एप्रिलमध्ये नोएडात चाळिशीचं ऊन.

पंचांगप्रेमी

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. धुकं सरलेलं, ऊन यायचं आहे. मोसमाची पहिलीच शर्यत भारतात घ्या आणि तिथून मेलबर्नला जा.

पिटलेनचा_पोरगा

काका, हे कुणीच कधी बोललं नव्हतं! पहिली शर्यत भारतात!

मालवाहू

मालाच्या दृष्टीनेही वाईट नाही. मोसमाआधीची चाचणी बहरीनमध्ये असते. तिथून दिल्ली जवळ, पुढे मेलबर्न. जाताना दिशा एकच राहते.

रोखठोक

कराचं काय? उत्तर प्रदेशात करमणूक करावरून वाद झाला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बुद्ध सर्किट म्हणजे फॉर्म्युला वन कंपनीचं भारतातलं कायमस्वरूपी आस्थापन, त्यामुळे इथल्या उत्पन्नावर इथे कर लागणार. बाकी ठिकाणी सरकार पायघड्या घालतं. इथे खेळ आहे की करमणूक यावरच घोडं अडलं. तारीख सापडली म्हणून शर्यत होत नाही.

धायरीचा_धावपटू

मग पुण्यातच घ्या की. चाकण, तळेगाव, रांजणगाव, सगळीकडे गाड्यांचे कारखाने. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय इथे. फेब्रुवारीत पुण्यासारखी हवा जगात कुठे मिळणार?

मालवाहू

हवा मिळेल, सर्किट नाही मिळणार. पहिल्या दर्जाचं सर्किट म्हणजे शेकडो एकर जमीन, आणि चाकण-तळेगाव पट्ट्यातले जमिनीचे भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. शहरातल्या रस्त्यावर घ्यायची तर हैदराबादने फॉर्म्युला ईची, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची, शर्यत २०२३ मध्ये घेतली आणि पुढच्या वर्षीची रद्द झाली. चेन्नईची रस्त्यावरची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची होती, मिचाँग चक्रीवादळ आलं, ती पुढे ढकलून ऑगस्टअखेर २०२४ मध्ये झाली. तिकडे डिसेंबर म्हणजे ईशान्य मोसमी पावसाचा काळ. तारीख ठरवताना हे बघायलाच हवं होतं.

ब्रिकयार्ड

थोडं अवांतर, पण विषय धरून. अमेरिकेतली इंडीकार मालिका बघता का कुणी? २०२५ मध्ये मार्चमध्ये सुरू आणि ऑगस्टअखेर खलास, कारण सप्टेंबरात अमेरिकन फुटबॉल सुरू झालं की टीव्हीवर कुणी विचारत नाही. सहा महिन्यांत सतरा शर्यती आणि जवळजवळ सगळ्या एकाच देशात. सलगता हवी तर ती अशी दिसते. तोटाही तिथेच दिसतो: सप्टेंबर ते फेब्रुवारी चाहत्याने करायचं काय? फॉर्म्युला वनची डिसेंबर ते मार्च ही विश्रांती मला योग्य वाटते, त्याहून लांब नको.

आणि एक: मोनॅको मेच्या शेवटच्या रविवारी असली की इंडी ५०० बहुतेकदा त्याच दिवशी येते. संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत शर्यतीच शर्यती. २०२६ मध्ये मोनॅको जूनला गेल्याने ती जोडी फुटली, याचं मला खूप वाईट वाटलंय. वळणवाट, तुमच्या कॅलेंडरात मोनॅको मेअखेरच ठेवा.

ढोलताशा_रविवार

मोंझाबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणून. सप्टेंबरचा पहिला रविवार कधीकधी गणपतीच्या दिवसांत येतो. २०२५ ला ६ तारखेला अनंत चतुर्दशी, ७ ला मोंझा. मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू होती. ढोल ठेवून, कानात गुलाल तसाच, घरी येऊन संध्याकाळी शर्यत बघितली. तारीख बदलू नका. मोंझा सप्टेंबरातच शोभते.

चाकण_सेकंडशिफ्ट

मूळ धाग्याकडे येतो. शेवटची शर्यत साओ पावलो, याला मात्र माझा मनापासून पाठिंबा. २ नोव्हेंबर २००८, ब्राझीलचा फेलिपे मासा जिंकला, घरचं प्रेक्षागृह नाचतंय, आणि शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणांवर हॅमिल्टनने ग्लॉकला गाठून अजिंक्यपद नेलं. पाऊस येणार की नाही, या एका प्रश्नावर मोसम लटकला होता. वेळही आपल्याकडे रात्री साडेदहा, तेवढं जमतं. अबू धाबीच्या यास मरीना सर्किटला पाऊस नाही, चढउतार नाही.

सुझुकावेडी

साओ पावलोच्या इंटरलागोस सर्किटला पूर्ण अनुमोदन. मॉन्ट्रियलबद्दल मात्र जपून. ते सर्किट सुरू झालं १९७८ मध्ये, ८ ऑक्टोबरला, आणि लोक थंडीने कुडकुडले. घरचाच जिल विलनव्ह जिंकला म्हणून ती आठवण गोड झाली. १९८२ पासून शर्यत जूनमध्ये नेली ती उगाच नाही. सप्टेंबर ठेवायचा तर विसाच्या आत, मोंझानंतर दोन आठवड्यांनी, त्यापुढे नाही.

रोखठोक

आफ्रिकेचं नाव कुणीच घेतलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीत १९९३ नंतर शर्यत नाही. जागतिक स्पर्धा म्हणायचं आणि एक अख्खा खंड वगळायचा? १९६८ चा मोसम १ जानेवारीला तिथेच सुरू झाला होता, जिम क्लार्कने त्याची शेवटची ग्रां प्री जिंकली ती तीच. विसावी जागा मी क्यालामीला देईन. पैशाचं बोलणारा मी हे म्हणतोय, ते लक्षात घ्या.

वळणवाट

सगळं वाचून कॅलेंडर पुन्हा मांडलंय. विसावी जागा फेब्रुवारीअखेर ते मार्चची सुरुवात, मोसमाची पहिली शर्यत: एक वर्ष भारत, एक वर्ष क्यालामी. दोन्हीकडून पुढे मेलबर्न. क्यालामीला तेव्हा उन्हाळा सरत आलेला असतो, दुपारच्या गडगडाटी सरींसाठी शर्यत लवकर सुरू करावी लागेल. मोनॅको मेअखेर, इंडी ५०० च्याच दिवशी. मॉन्ट्रियल २० सप्टेंबरच्या आत. आखातातल्या दोन शर्यती रमजान बघून मार्चअखेर ते एप्रिलअखेर सरकत्या. मॉन्ट्रियल आणि ऑस्टिनच्या मध्ये तीन आठवडे मोकळे, म्हणजे टीमना श्वास आणि सेकंडशिफ्टना झोप. वेगासला जागा दिलेली नाही, पंखा, माफ करा.

रोखठोकांच्या पैशाच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. कुणाला सुचलं तर लिहा.

मालवाहू

एक दुरुस्ती. क्यालामीच्या वर्षी बहरीनला चाचणी घेऊन दक्षिण आफ्रिका आणि मग मेलबर्न, हा उलटा फेरा होतो. त्या वर्षी चाचणीच क्यालामीत घ्या. गाड्या तिथे दोन आठवडे राहतील, विमानाची एक फेरी वाचेल.

पिटलेनचा_पोरगा

आणि भारताच्या वर्षी चाचणी बुद्धवर! विद्यार्थ्यांना त्या दिवसांची तिकिटं स्वस्त ठेवली तर आमची आख्खी टीम येईल, रेल्वेने.